अमेरिकन कादंबरी आणि आपला दवाखाना

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात 'चाळिशीनंतरचे स्त्री-आरोग्य' किंवा तत्सम एखादा विषय असावा. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी अशा पानांवर आजवर तेच लिहीत आलो. परंतु आता वयाची बहात्तरी गाठली आहे, दवाखाना मुलाकडे सोपवला आहे, आणि ज्या विषयावर बोलण्याचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही त्यावर एकदा तरी मनसोक्त लिहावे असे वाटू लागले आहे. म्हणून हा लेख अमेरिकन कादंबरीविषयी आहे. डॉक्टर मित्रांनी तो वैद्यकीय लेख समजूनच वाचावा, अशी नम्र विनंती.

आमच्या घरी अमेरिकन पुस्तकांची दोन कपाटे आहेत. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात हॉथॉर्न, मार्क ट्वेन, सिंक्लेअर लुइस, हेमिंग्वे ही मंडळी पाहुण्यांकडे तोंड करून उभी असतात. दुसरे कपाट निजायच्या खोलीत, दाराआड. तिथे आर्थर हेली, मायकेल क्रायटन, रॉबिन कुक यांची कोपरे दुमडलेली, पाठीचा कणा मोडलेली पुस्तके दाटीवाटीने राहतात. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की पहिल्या कपाटातली पुस्तके मी दाखवतो आणि दुसऱ्यातली वाचतो. या आरोपात तथ्य आहे, हे मी आता मान्य करतो. मात्र ही दोन कपाटे वेगळी ठेवण्यात आपण डॉक्टर मंडळी एक मोठी चूक करत आलो, असे माझे ठाम मत झाले आहे. पाठ्यपुस्तकात आपल्याला रुग्ण दिसतो. डॉक्टर कसा दिसतो हे मात्र तिथे कुठेच लिहिलेले नसते. ते मला या दोन्ही कपाटांनी दाखवले.

या वाचनाची सुरुवात मराठीतूनच झाली. वडिलांच्या संग्रहात पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'एका कोळियाने' हा हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा अनुवाद होता. तो वाचून मूळ लेखकाची ओढ लागली. वैद्यकीय महाविद्यालयात असताना खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानी शरीररचनाशास्त्राचे ग्रंथ धुंडाळताना हेमिंग्वेच्या कथांचा एक संग्रह हाती लागला. त्यात 'इंडियन कॅम्प' नावाची कथा होती. १९२५ साली 'इन अवर टाइम' या संग्रहात आलेली ही कथा जेमतेम चार-पाच पानांची आहे. शीर्षकातले 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, तर अमेरिकेचे मूळ निवासी. रात्री नावेतून एक डॉक्टर आपल्या लहान मुलासह त्यांच्या वस्तीवर येतो. एक स्त्री दोन दिवस अडलेली आहे. भूल द्यायला काही नाही. डॉक्टर खिशातल्या चाकूने पोट उघडतो, मूल काढतो आणि मासेमारीच्या गळाला लावायच्या तातीने टाके घालतो. आई आणि मूल दोघेही वाचतात. डॉक्टर खूश होतो. अशी शस्त्रक्रिया वैद्यकीय नियतकालिकात छापून येण्याजोगी आहे, असेही त्याला वाटते. मग वरच्या फळीवर पाय जखमी होऊन पडलेल्या तिच्या नवऱ्याकडे तो कौतुकाने पाहायला जातो. नवऱ्याने गळा चिरून घेतलेला असतो. बायकोचा आक्रोश त्याला ऐकवला नाही आणि तो त्या खोलीत आहे याची डॉक्टरला आठवणही राहिली नाही.

विसाव्या वर्षी ही कथा वाचली तेव्हा मी त्या शस्त्रक्रियेवर लुब्ध झालो. चाकू, दोरा, दिवा आणि यश. नवऱ्याचा शेवट मला लेखकाने उगाच जोडलेला वाटला. हेमिंग्वेचे वडील स्वतः डॉक्टर होते हे पुढे कळले, तरीही कथेचा रोख कोणाकडे आहे हे माझ्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले १९७९ साली. मी तेव्हा एका शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. निमाडातल्या एका खेड्यातून रात्री दहाच्या सुमारास एका बाईला आणले. बाळ आडवे होते, गर्भाशय फुटायच्या बेतात. रक्ताची एकच बाटली मिळाली. पहाटे तीनपर्यंत आम्ही झुंजलो आणि दोघांनाही वाचवले. मी हात धुऊन चहा प्यायलो आणि माझ्या वरिष्ठांना सगळी हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. सकाळच्या राउंडला त्या बाईच्या खाटेजवळ उभे राहून विद्यार्थ्यांना आडव्या बाळाच्या प्रसूतीचे व्यवस्थापन समजावून दिले. तिचा नवरा कुठे आहे, असे कोणीतरी विचारले. तो नव्हता. मी म्हणालो, "ही माणसे अशीच. बायकोला टाकून निघून जातात."

दुपारी बाराच्या सुमारास एक बैलगाडी आवारात आली. गाडीत सात-आठ माणसे होती आणि बांबू, कडबा, पांढरे कापड होते. नवरा रात्रभर शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसून होता. पहाटे दुसऱ्याच कोणाचे तरी झाकलेले प्रेत त्याच्या समोरून नेले. त्याने ते आपल्या बायकोचे समजले आणि कोणाला काही न विचारता तेरा मैल चालत गावी गेला, माणसे जमवायला. तुझी बायको जिवंत आहे, तुला मुलगा झाला आहे, असे सांगितल्यावर तो मटकन जमिनीवरच बसला. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाला, "साब, किसी ने बताया ही नहीं."

त्या रात्री खोलीवर जाऊन मी 'इंडियन कॅम्प' पुन्हा वाचली. या खेपेस मला शस्त्रक्रिया दिसली नाही. वरची फळी दिसली. आमच्या बाबतीत कोणी जीव दिला नव्हता, हा केवळ नशिबाचा भाग. हेमिंग्वेने जे चार पानांत मला सहा वर्षे आधी सांगून ठेवले होते, ते शिकायला मला एका गरीब माणसाची तेरा मैलांची पायपीट खर्ची घालावी लागली.

तेव्हापासून अमेरिकन पुस्तकांत डॉक्टर कुठे येतो आणि कसा दिसतो, हे टिपण्याचा मला छंदच जडला. काचेच्या कपाटातले सर्वांत जुने उदाहरण नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' या १८५० सालच्या कादंबरीतले. सतराव्या शतकातल्या बोस्टनमध्ये हेस्टर प्रिन या स्त्रीला व्यभिचाराबद्दल छातीवर लाल अक्षर धारण करण्याची शिक्षा होते. मुलाच्या पित्याचे नाव ती सांगत नाही. तिचा दीर्घकाळ बेपत्ता असलेला नवरा रॉजर चिलिंगवर्थ या नावाने गावात येतो आणि वैद्य म्हणून स्थिरावतो. गावातला तरुण धर्मोपदेशक खंगत चालला आहे, म्हणून तो त्याचा वैद्य बनतो, त्याच्याबरोबर एकाच घरात राहू लागतो आणि त्याच्या मनातले गुपित हळूहळू उकरून काढतो. तोच आपला अपराधी आहे हे कळल्यावरही तो उपचार थांबवत नाही. औषधे देत राहतो, आणि छळतही राहतो. विष पाजणारा वैद्य आपल्याला ठाऊक आहे. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचे विष करणारा वैद्य हॉथॉर्नने दाखवला.

हे उदाहरण जुने म्हणून सोडून देता येत नाही. आपल्यासारख्या, होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी समाजात तर मुळीच नाही. इथे रुग्णाची मावशी आपली शेजारीण असते आणि तिचा दीर आपल्या मुलाचा शिक्षक असतो. लग्नाच्या पंगतीत डावीउजवीकडे बसलेल्या पाच जणींची अशी माहिती माझ्यापाशी असते, जी त्यांच्या घरातही कोणाला नसते. एखादे स्थळ कसे आहे, असे कोणी सहज विचारते. अशा वेळी डॉक्टरने नुसते हसणे, क्षणभर थांबणे, 'चौकशी करा' एवढेच म्हणणे, हेसुद्धा चिलिंगवर्थच्या वाटेवरचे पहिले पाऊल होय. हे मला गोपनीयतेच्या नियमावलीने इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

मार्क ट्वेनचा डॉक्टर याहून अवघड आहे, कारण तो सज्जन आहे. 'हकलबेरी फिन' अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस टॉम सॉयरच्या पायात गोळी लागते. पळून चाललेला कृष्णवर्णीय गुलाम जिम सुटकेची संधी सोडून डॉक्टरला मदत करायला पुढे येतो आणि रात्रभर टॉमची शुश्रूषा करतो. अशी उत्तम शुश्रूषा करणारा माणूस आपण क्वचितच पाहिला, असे डॉक्टर प्रांजळपणे सांगतो, आणि त्याच माणसाला पकडूनही देतो. जमावाने जिमशी फार कठोरपणे वागू नये यासाठी शब्द टाकतो. त्याच्या हातच्या बेड्या काढा, असे मात्र म्हणत नाही. चांगला डॉक्टर आपल्या काळाच्या अन्यायापुढे कुठवर जातो आणि कुठे थांबतो, हे ट्वेनने दोन पानांत मोजून ठेवले आहे. आपल्या हाताखाली राबणाऱ्या आया, सफाई कामगार आणि वॉर्डबॉय यांच्या कामाची आपण किती तोंडभरून स्तुती करतो आणि पगार किती देतो, हे आठवले की त्या डॉक्टरला नावे ठेवण्याचा धीर होत नाही.

आता काचेच्या कपाटातले शेवटचे आणि माझे सर्वांत आवडते पुस्तक: सिंक्लेअर लुइसची 'ॲरोस्मिथ'. ही १९२५ची कादंबरी. तिच्यासाठी जाहीर झालेले पुलित्झर पारितोषिक लुइसने नाकारले. पुढे १९३० साली साहित्याचे नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन ठरला. वैद्यकीय तपशिलासाठी त्याने पॉल डी क्रुइफ या जंतुशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले होते आणि पुस्तकाच्या उत्पन्नात त्याला वाटाही दिला होता. खेड्यातली प्रॅक्टिस, सार्वजनिक आरोग्य खात्यातला ढोल बडवणारा अधिकारी, श्रीमंतांचे चकचकीत क्लिनिक, संशोधन संस्थेतले राजकारण, असे आपल्या व्यवसायाचे सर्व मुक्काम डॉ. मार्टिन ॲरोस्मिथ या एकाच माणसाच्या आयुष्यात येतात.

कादंबरीचा कळस प्लेगच्या साथीत आहे. मार्टिनपाशी जंतूंना मारणारा बॅक्टेरियोफेज आहे. हा शोध खऱ्या जगात १९१५ आणि १९१७ साली ट्वॉर्ट आणि द'हेरेल यांनी लावला होता. साथीने ग्रासलेल्या बेटावर तो जातो तो गुरूंना एक शब्द देऊन: निम्म्या लोकांना फेज द्यायचा, निम्म्यांना द्यायचा नाही, तरच त्याचा गुण सिद्ध होईल. लोक मरत असताना तो या शब्दावर टिकून राहतो. मग त्याची पत्नी लिओरा प्लेगने जाते. दुःखाने खचलेला मार्टिन नियम मोडतो आणि सरसकट सर्वांना फेज देतो. साथ ओसरते, जग त्याला तारणहार म्हणून डोक्यावर घेते. आणि साथ फेजमुळे ओसरली की आपोआप, हे आता कधीच कळणार नाही, हे एकट्या त्यालाच ठाऊक असते.

ही तुलनेची शिस्त आपल्याला परकी नाही. १८९७च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देऊन, न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. तरीही २०२०-२१च्या कोविडकाळात आपण काय केले? प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांपुढे उभे होते आणि चिठ्ठी लिहिणारे आपणच होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर शिस्तीने तुलना केली होती. तिचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्येच प्रसिद्ध झाले: प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत आणि आजार गंभीर होणेही थांबत नाही. राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१मध्ये. मधल्या सात महिन्यांत आपण सगळे मार्टिन ॲरोस्मिथ झालो होतो. मी स्वतः माझ्या सख्ख्या मेहुण्यासाठी प्लाझ्मा मिळवायला ओळखीच्या प्रत्येकाला फोन केला. अभ्यासाचे निष्कर्ष मी वाचलेले होते. 'ॲरोस्मिथ' तर तीनदा वाचली होती. म्हणून कादंबरी माणसाला सुधारते असा दावा मी करणार नाही. आपण नेमके काय करत आहोत ते ती आपल्याला कळू देते, इतकेच. आणि तेवढेही कमी नाही.

आता दाराआडचे कपाट. येथे आपल्यातल्या रसिकांच्या कपाळाला आठी पडते. 'वेळ घालवायला ठीक आहेत' असा शेरा मिळतो. माझा अनुभव निराळा आहे. आर्थर हेली जन्माने इंग्रज, पुढे कॅनडाचा नागरिक. पण त्याची 'द फायनल डायग्नोसिस' ही १९५९ची कादंबरी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात घडते. डॉ. जो पिअरसन हा तिथला वृद्ध पॅथॉलॉजिस्ट. आर-एच विसंगतीसाठी कूम्ब्स चाचणी आलेली आहे, पण तिचे सीरम मागवण्याची त्याला गरज वाटत नाही. जुन्या दोन चाचण्या पुरेशा आहेत. त्याच्याच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचे बाळ त्या हट्टापायी जाते. मात्र हेली इथेच थांबत नाही. त्याच रुग्णालयातल्या एका परिचारिका-विद्यार्थिनीच्या गुडघ्यातली गाठ कर्करोगाची आहे की नाही, यावर नव्या दमाचा सहकारी आणि पिअरसन यांचे मतभेद होतात. तिथे म्हाताऱ्याचा जुना, मुरलेला डोळाच खरा ठरतो. म्हणजे नवे शिकणे सोडले तर माणूस घातक होतो, आणि तरीही अनुभवाला पर्याय नसतो. सी.एम.ई.च्या उद्घाटनाची डझनभर भाषणे मी ऐकली आहेत. त्यांतल्या एकानेही हे इतक्या नेमकेपणाने सांगितले नाही.

मायकेल क्रायटनचे उदाहरण पाहा. हार्वर्डमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच, १९६८ साली, त्याने जेफरी हडसन या टोपणनावाने 'अ केस ऑफ नीड' ही रहस्यकथा लिहिली. बेकायदा गर्भपातानंतर एक तरुणी मरते, एका डॉक्टरला अटक होते आणि त्याचा मित्र सत्य शोधू लागतो. तेव्हा अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गर्भपात हा गुन्हा होता. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क १९७३ साली मान्य केला आणि २०२२ साली काढून घेतला. १९७१पूर्वी गावठी उपाय करून, सडलेल्या गर्भाशयाने रुग्णालयात आलेल्या स्त्रियांच्या हकीकती माझ्या शिक्षकांनी मला सांगितल्या आहेत. ज्या तरुण डॉक्टरांनी असे काही पाहिलेच नाही, त्यांना कायद्याचे मोल कळायला क्रायटनची ही 'वेळ घालवायची' कादंबरी पुरेशी आहे.

आणि सॅम्युएल शेमची 'द हाऊस ऑफ गॉड', १९७८ची. शेम हे स्टीफन बर्गमन या मानसोपचारतज्ज्ञाचे टोपणनाव. इंटर्नशिपच्या वर्षात थकवा माणसाला कसा निर्दय बनवतो, म्हाताऱ्या रुग्णांना या विभागातून त्या विभागात कसे ढकलले जाते, आणि एक इंटर्न शेवटी जीव कसा देतो, हे त्याने उद्धट विनोदात लिहिले. पुस्तकातली परिचारिकांची चित्रणे मला आजही खटकतात. परंतु आपल्या निवासी डॉक्टरांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचताना मला प्रत्येक वेळी हेच पुस्तक आठवते. २०१९ साली त्याने जो पुढचा भाग लिहिला, त्यात डॉक्टर रुग्णाकडे पाहण्याऐवजी बिलासाठी संगणकाच्या पडद्याकडे पाहतात.

येथे कोणी विचारील, की हे सारे अमेरिकेचे. आपल्याला त्याचे काय? उत्तर सरळ आहे. आपला दवाखाना झपाट्याने अमेरिकन होत आहे. विमा, पॅकेज, भागधारकांच्या मालकीची रुग्णालये, मासिक उद्दिष्टे, प्रत्येक अवयवाला वेगळा तज्ज्ञ आणि अख्ख्या माणसाला कोणीच नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, त्यानंतर रुग्णाकडे पाहण्याची आपली नजरही बदलली. ज्या रस्त्याने आपण आज चाललो आहोत, त्यावरचे खड्डे तिथल्या कादंबरीकारांनी अर्धशतकापूर्वी नोंदवून ठेवले आहेत. आपल्या मराठी लेखकांविषयी मला पूर्ण आदर आहे. पण माणसाचे रोजचे काम, त्याची ड्युटी, त्याचा पगार आणि वरिष्ठांशी होणारी त्याची भांडणे हा कथेचा मुख्य विषय करण्याची सवय मला अमेरिकन कादंबरीत अधिक आढळली.

या पुस्तकांनी अपायही केला आहे, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. रॉबिन कुक हा नेत्रशल्यतज्ज्ञ. त्याच्या 'कोमा' या १९७७च्या कादंबरीत किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेले धडधाकट रुग्ण बेशुद्धीतून उठतच नाहीत. ऑक्सिजनऐवजी त्यांना कार्बन मोनॉक्साइड दिलेला असतो, अवयव विकण्यासाठी. सूत्रधार कोण हे सांगून वाचकांचा विरस करत नाही. पुस्तक एका बैठकीत संपते, भीती मात्र मनात घर करून राहते. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवायला डॉक्टरांचे मंडळ लागते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. गेल्या दहा वर्षांत इंदुरात अवयवदानासाठी रस्ते मोकळे होताना आपण अनेकदा पाहिले. तरीही संमती मागताना नातेवाइकांच्या डोळ्यांत जो संशय दिसतो, तो 'कोमा'तलाच असतो. मग त्यांनी ते पुस्तक वाचलेले असो वा नसो. केन केसीने मनोरुग्णालयात रात्रपाळी करून १९६२ साली 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट' लिहिली. मनोरुग्णांवर होणाऱ्या जुलमाला तिने वाचा फोडली, हे तिचे मोठेपण. पण विजेच्या उपचाराविषयी, विशेषतः १९७५च्या चित्रपटानंतर, जी दहशत बसली, तिच्यापायी खोल नैराश्यातल्या रुग्णांनाही हा गुणकारी उपचार नाकारला जातो. आपल्याकडे २०१७च्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणून ही पुस्तके आपण वाचली पाहिजेत. रुग्ण कोणते भय घेऊन आपल्या दारात उभा आहे, हे माहीत नसेल तर ते आपण दूर कसे करणार?

शेवटी एक आनंदाची गोष्ट. या परंपरेत आता आपल्या देशात शिकलेला एक डॉक्टरही जाऊन बसला आहे. अब्राहम वर्गीस इथिओपियात जन्मले, मद्रास मेडिकल कॉलेजात शिकले आणि अमेरिकेत नावारूपाला आले. त्यांच्या 'कटिंग फॉर स्टोन' या २००९च्या कादंबरीत अदिस अबाबातल्या मिशन रुग्णालयाची आणि तिथे राबणाऱ्या भारतीय डॉक्टरांची कथा आहे. रुग्णाला हात लावून तपासणे ही केवळ तपासणी नसून एक वचन आहे, हे वर्गीस व्याख्यानांतूनही सांगत आले आहेत. हॉथॉर्नच्या चिलिंगवर्थपासून इथवर यायला अमेरिकन कादंबरीला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

म्हणून माझी आपल्या संस्थेला एक सूचना आहे. दर महिन्याला आपली सी.एम.ई. होते, औषध कंपनीच्या खर्चाने जेवण होते आणि आपण घरी जातो. तीन महिन्यांतून एकदा त्याऐवजी एकच कादंबरी सर्वांनी वाचून यावी आणि तिच्यातल्या डॉक्टरवर चर्चा करावी. तरुण सहकाऱ्यांना बोलवावे, परिचारिकांनाही बोलवावे. प्रारंभ हॉथॉर्नपासून नको, त्याचे इंग्रजी जड आहे. 'द फायनल डायग्नोसिस'पासून करावा. पुस्तक थोर की लोकप्रिय, हा वाद प्राध्यापकांवर सोपवू या.

त्या १९७९च्या रात्रीनंतर मी एक नियम पाळला. शस्त्रक्रिया संपली की आधी दाराबाहेर जायचे, बाकावर कोण बसले आहे ते पाहायचे आणि त्याला त्याच्या भाषेत दोन वाक्ये सांगायची, चहा त्यानंतर. माझा मुलगा हा नियम पाळतो की नाही, यावर आमच्या आयाबाईंची नजर असते. घरी मी दोन्ही कपाटांतली पुस्तके आता एकत्र लावली आहेत आणि सगळी दिवाणखान्यात आणली आहेत. हेमिंग्वेच्या शेजारी रॉबिन कुक दाटीवाटीने बसला आहे आणि अद्याप दोघांनीही तक्रार केलेली नाही. ज्यांना जे हवे ते त्यांनी खुशाल घेऊन जावे. परत मात्र जरूर आणावे.